‘शेतकऱ्यांना’ मधला ‘ऱ’ दुरुस्त कोण करते? खुल्या फॉन्टमागची माणसं आणि त्यांची पद्धत

गोंडपिपरी : ‘शेतकर्यांना कळविण्यात येते की...’ अशा सूचना मोबाईलवर रोज येतात. लिहायचं असते ‘शेतकऱ्यांना’, पण तो आडवा ‘र’ रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढून बसतो. पऱ्हाटीची ‘पर्हाटी’ होते, वऱ्हाडचं ‘वर्हाड’. मागच्या हंगामात माझ्याच एका बातमीत एकही ‘ऱ्या’ धड उमटला नाही. अर्थ कळतो म्हणून आपण सोडून देतो. पण ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर भाषण होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर जेवण. हिंदीला हा आडवा ‘र’ लागत नाही, मराठीला लागतो.

चूक बरेचदा टाईप करणाऱ्याचीच असते. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ येतो, मग डीवर हलंत, मग ‘य’. साधा ‘र’ घेतला तर रफारच येणार. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतानाही हे अक्षर हरवू शकते. पण कधी कधी मजकूर बरोबर असतो आणि फॉन्टच तो नीट काढत नाही. तिथं आपण कितीही बटणं दाबा, उपयोग नाही. फॉन्टच दुरुस्त करावा लागतो. आणि तो करते कोण, हा आजचा विषय.

देवनागरीचे अनेक चांगले फॉन्ट खुले आहेत. ‘लोहित’ हा फॉन्ट रेड हॅट कंपनीनं 2004 मध्ये खुला केला. पुढं 2011 मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला, आणि पुण्यात बसलेल्या अभियंत्यांनी तो अनेक वर्षं सांभाळला. मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्ता’ही असाच. खुला म्हणजे नुसता फुकट नाही. त्याचा कच्चा माल, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या आणि कोणतं अक्षर कोणाला कसं जोडायचं याचे नियम, कोणीही उघडून पाहू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो.

मग कोणीही येऊन बिघडवणार नाही काय? नाही, कारण बदल थेट मूळ फॉन्टमध्ये जात नाही. ज्याला चूक दिसली तो आधी तक्रार नोंदवतो. ज्याला येते तो स्वतःच्या प्रतीत दुरुस्ती करतो आणि तेवढाच फरक पाठवतो : कोणती ओळ काढली, कोणती टाकली. याला पॅच म्हणतात, आपल्या भाषेत ठिगळ. ते ठिगळ पाहणारा माणूस म्हणजे मेंटेनर. तो आधी विचारतो, चूक फॉन्टची की टायपिंगची? मग ‘ऱ्या’ सुधारताना ‘र्या’ तर नाही बिघडला, हे तपासतो. तो ठेवलेली शब्दांची यादी नव्या फॉन्टवर चालवून पाहतो. पटलं नाही तर परत पाठवतो, आणि असं दोन-तीनदा होणं नेहमीचंच. पटलं की मूळ फॉन्टमध्ये मिसळतो. कोणी काय बदललं आणि कोणी मिसळलं, याची नोंद कायम राहते. आपल्या फेरफारासारखीच, फक्त इथं ती कोणीही कधीही पाहू शकतो. त्यानंतर नवी आवृत्ती निघते आणि ती मोबाईल-संगणकापर्यंत पोचायला महिने लागू शकतात. ज्या जुन्या फोनला अपडेटच येत नाही, तिथं बहुतेक पोचतही नाही.

काम मोठं असलं की मेंटेनरची उतरंड लागते. लिनक्स हे अँड्रॉईड फोनच्या तळाशी असलेलं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 1991 मध्ये सुरू केलं. त्यात कोणता भाग कोणाच्या ताब्यात, याची लेखी यादीच आहे. पॅच आधी त्या भागाच्या मेंटेनरकडे, तिथून वर आणि शेवटी टोरवाल्ड्सकडे. नवं काम घ्यायला दोन आठवडे दार उघडं, पुढचे सातेक आठवडे फक्त चुका काढायच्या. वेळेत आलं नाही तर पुढच्या खेपेला. पॅचखाली सहीची ओळही लागते : हे काम द्यायचा मला हक्क आहे, अशी.

आपल्या भागातल्या वाचकाला इथं मेंढा (लेखा) आठवेल. धानोरा तालुक्यातल्या या गावात अभ्यास गटात बसून खल होतो आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतो. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये खल तसाच उघड्यावर चालतो, पण शेवटी मेंटेनर नाही म्हणाला तर नाही. मला आधी हे खटकलं. पण एक फरक आहे. जंगलाची प्रत काढून कोणी वेगळं होऊ शकत नाही, म्हणून तिथं सगळ्यांना पटवावंच लागते. कोडची प्रत निघते. पटलं नाही तर वेगळी चूल मांडता येते. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस असंच वेगळं निघालं. ही भीती असते म्हणून मेंटेनरही फार मनमानी करत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. दाराशी बसलेला माणूस बरेचदा एकटा आणि बिनपगारी असतो. फाईली लहान करणारं ‘एक्सझेड’ नावाचं साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत आहे. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. 2021 पासून ‘जिया टॅन’ या नावानं कोणीतरी मदतीला आलं. चांगले पॅच दिले, विश्वास कमावला, मेंटेनरचा हक्क मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं मुळापर्यंत शोध घेतला म्हणून ते उघडकीला आलं. सगळं उघड्यावर होतं, पण पाहणाराच कोणी नव्हता.

फॉन्टमध्ये असा चोरदरवाजा कोणी बसवेल असं वाटत नाही. पण मराठीचं तपासायला मराठी माणूसच लागतो. परदेशात बसलेल्या मेंटेनरला ‘पऱ्हाटी’ चुकली हे कळणार कसं? कोडिंग येत नसलं तरी तक्रार करता येते. तालुक्यात संगणकावर काम करणारी बरीच पोरं आहेत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी चालते. फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, कोणत्या फोनवर किंवा कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये दिसलं, टाईप केलेला मजकूर जसाच्या तसा, चुकीचा दिसतो त्याचा स्क्रीनशॉट आणि बरोबर कसा दिसायला पाहिजे त्याचं चित्र द्यायचं. शब्द आपलेच द्यायचे : शेतकऱ्यांना, पऱ्हाटी, वऱ्हाडी, गोऱ्हा, दऱ्या. सोबत ‘दर्या’ही द्यायचा, म्हणजे दोन्ही वेगळे दिसतात का ते तपासता येते. ‘मराठी बरोबर दिसत नाही’ एवढंच लिहिलं तर ती तक्रार तशीच पडून राहते.