‘इंटर्नल बॅटरी हॅज रन ड्राय’: पोकेमॉन गेममधल्या बारीकसारीक गोष्टी, ज्या चाहते अजून विसरलेले नाहीत

लहानपणी कॉम्प्युटरवर पोकेमॉन एमराल्ड खेळला असाल, तर एक मेसेज तुम्हाला नक्की आठवत असेल. गेम सुरू केला की स्क्रीनवर यायचं, ‘इंटर्नल बॅटरी हॅज रन ड्राय’. पुढे लिहिलेलं असायचं की गेम खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी आता घडणार नाहीत.

आमच्याकडे हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, थेट सीपीयू उघडायला घेतला होता. बॅटरी संपली म्हणजे कॉम्प्युटरचीच संपली असणार ना! मावशीने वेळेत पाहिलं म्हणून कॉम्प्युटर वाचला. तो मेसेज नेमका कशाचा होता, हे मला कळायला पुढची दहा वर्षं गेली.

तर झालं असं की पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्ड हे गेम ज्या कार्ट्रिजवर यायचे (आपण तिला कॅसेट म्हणायचो), त्या कॅसेटच्या आत घड्याळात असते तशी एक छोटी गोल बॅटरी होती. तिच्यावर गेममधलं घड्याळ चालायचं. तुम्ही गेम बंद करून शाळेत गेलात तरी ते घड्याळ सुरूच. तुम्ही लावलेलं बेरीचं झाड तुमच्या माघारी वाढायचं. शोल केव्ह नावाच्या गुहेत भरती-ओहोटी यायची, आणि पाणी ओसरलं की आतले नवे रस्ते उघडायचे. बॅटरी संपली की झाड आहे तिथेच थांबणार आणि भरती-ओहोटीही थांबणार.

आपण खेळत होतो एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरला गेमबॉयचं सोंग घ्यायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तिथे कॅसेटही नाही आणि बॅटरीही नाही. एम्युलेटरमध्ये घड्याळाचं सेटिंग चालू नसेल, तर गेमला वाटायचं बॅटरी संपली. फायररेडमध्ये मुळात असं घड्याळच नव्हतं, म्हणून तिथे हा मेसेज कधी आला नाही.

रुबी-सफायरवाल्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. बॅटरी गेली तरी त्यांचा सेव्ह केलेला गेम शाबूत राहतो, कारण तो वेगळ्या मेमरीत असतो. त्याआधीच्या रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हरमध्ये मात्र सेव्ह फाइलच त्या बॅटरीवर तग धरून असायची. बॅटरी संपली की सगळं साफ. त्यातही गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर, त्यामुळे ती लवकर संपते. १९९९ साली जपानमधल्या एखाद्या पोराने पकडलेला, शंभराव्या लेव्हलपर्यंत नेलेला पोकेमॉन आज एखाद्या ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या नाहीसा होत असेल, आणि त्या पोराला, जो आता चाळिशीकडे आलाय, पत्ताही नसेल.

३०० बाइट्सची मांजर

पोकेमॉनचे पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आले. सातोशी ताजिरी या गेम डिझायनरला लहानपणी किडे पकडायचा नाद होता. दोन गेमबॉय केबलने जोडता येतात हे पाहिल्यावर त्याच्या डोक्यात आलं की या तारेवरून किडे इकडून तिकडे जाऊ शकतील. पोकेमॉनची अदलाबदल करायची कल्पना तिथून आली.

गेमबॉयच्या कॅसेटमध्ये जागा मात्र इतकी कमी की प्रत्येक बाइट मोजून वापरावा लागायचा. गेम जवळजवळ तयार झाल्यावर, चुका शोधायला वापरलेली साधनं त्यातून काढून टाकली आणि साधारण ३०० बाइट्स मोकळे झाले. आज व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही टाकता तो ‘गुड मॉर्निंग’चा एक फोटो याच्या कित्येक शे पट मोठा असतो. शिगेकी मोरिमोतो नावाच्या प्रोग्रामरने तेवढ्या जागेत एक जास्तीचा पोकेमॉन बसवला. तोच म्यू. खरं तर गेम तपासून झाल्यावर आत काही घालायचं नसतं. आपल्याकडे कुणी ऑफिसात असं केलं, तर दुसऱ्या दिवशी एचआरचा मेल येईल.

म्यू गेममध्ये नेहमीच्या मार्गाने मिळत नव्हता, पण तो आहे अशी कुजबुज सुरू झाली. मग जपानच्या कोरोकोरो मासिकाने स्पर्धा घेतली आणि २० विजेत्यांना म्यू मिळाला. बाकीच्यांनी अफवांवर दिवस काढले. सगळ्यात गाजलेली अफवा म्हणजे ट्रकची. व्हर्मिलियन शहरात एस. एस. अ‍ॅन जहाजाच्या धक्क्याजवळ एक ट्रक उभा दिसतो. गेममध्ये त्याचा उपयोग शून्य. ‘ट्रक ढकला, खाली म्यू आहे’ ही अफवा जगभर पसरली. खाली काहीच नव्हतं. पण २००४ साली याच गेमची नवी आवृत्ती आली, तेव्हा बनवणाऱ्यांनी त्या ट्रकपाशी एक लाव्हा कुकी लपवून ठेवली. इतकी वर्षं ट्रक ढकलणाऱ्यांसाठी एक बिस्कीट!

तुमच्या नावातून जन्मलेला राक्षस

जागेच्या त्याच कंजुषीतून मिसिंगनो आला. इंग्रजी रेड आणि ब्लूमध्ये व्हिरिडियन शहरातला एक म्हातारा तुम्हाला पोकेमॉन कसा पकडायचा ते दाखवतो. तेवढ्या वेळापुरतं स्क्रीनवर खेळाडूच्या नावाच्या जागी ‘ओल्ड मॅन’ असं दिसतं. मग तुमचं खरं नाव तोवर ठेवायचं कुठे? गेम ते तात्पुरतं अशा जागी ठेवतो, जिथे एरवी ‘या गवतात कोणते जंगली पोकेमॉन भेटतील’ ही यादी असते. गवत असलेल्या नव्या भागात गेलात की तिथली यादी त्यावर लिहिली जाते आणि विषय मिटतो.

पण सिनाबार बेटाची स्वतःची अशी यादीच नाही. म्हाताऱ्याचं ऐकून तुम्ही थेट उडत सिनाबारला गेलात, तर तुमचं नाव त्या जागी तसंच राहतं. बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत पाण्याची एक पट्टी आहे, तिथे पोहताना गेम पाण्याची यादी सोडून चुकून गवताची वाचतो. म्हणजे काय, तर तुमच्या नावाची अक्षरं पोकेमॉनचे क्रमांक समजून वाचली जातात! गेमच्या आतल्या यादीत १९० जागा होत्या आणि पोकेमॉन १५१. उरलेल्या ३९ जागा रिकाम्या. तुमच्या नावातलं अक्षर अशा रिकाम्या जागेवर पडलं की समोर येतो मिसिंगनो, म्हणजे ‘मिसिंग नंबर’. दिसायला विस्कटलेल्या ठिपक्यांचा ठोकळा.

तो दिसला की बॅगेतल्या सहाव्या वस्तूची संख्या १२८ ने वाढायची. कारण तेच, पोकेडेक्समध्ये ‘पाहिला’ अशी खूण करताना गेम यादीबाहेर जाऊन शेजारच्या घरात रेघ मारतो, आणि त्या घरात तुमची बॅग असते. पोरांनी सहाव्या जागी रेअर कँडी ठेवून काय काय केलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

याच आतल्या यादीने आणखी एक गुपित फोडलं. तिच्यात पहिला क्रमांक पिकाचूचा नाही आणि पोकेडेक्समध्ये पहिला असलेल्या बल्बासॉरचाही नाही. पहिला आहे ऱ्हायडॉन, कारण सगळ्यात आधी तोच तयार झाला होता. जुन्या गेमच्या जिममधले दगडी पुतळे नीट पाहा. तो तोच आहे.

बदक स्वतःच कांद्याची पात घेऊन आलं तर?

नावांची गंमत बऱ्याच जणांना माहीत असते. एकान्स उलटं वाचा, इंग्रजीत ‘स्नेक’ होतं. आर्टिकुनो, झॅपडोस, मोल्ट्रेस यांच्या शेपटीला स्पॅनिशमधले एक, दोन, तीन. हिटमनली आणि हिटमनचॅन म्हणजे ब्रूस ली आणि जॅकी चॅन.

पण माझा आवडता फारफेच्ड. हे एक बदक, कायम पंखात कांद्याच्या पातीसारखी जाड काडी घेऊन फिरणारं. का, हे आपल्याला कधीच कळलं नाही, कारण विनोद जपानी आहे. जपानीत एक म्हण आहे, ‘बदक पात पाठीवर घेऊन आलं’. बदकाच्या रश्श्यात ती पात लागतेच. म्हणजे कोंबडी स्वतःच कांदा-खोबऱ्याचं वाटण काखोटीला मारून दारात आली, असं समजा. आपल्या ‘आंधळा मागतो एक डोळा’च्या जवळ जाणारी ही म्हण. त्याचं जपानी नावच कामोनेगी, म्हणजे बदक-पात. २३ वर्षं लोक त्याला हसले. मग २०१९ च्या सोर्ड आणि शील्डमध्ये त्याला सरफेच्ड हे रूप मिळालं, पातीचा भाला घेतलेला सरदार. एकाच लढाईत तीन क्रिटिकल हिट मारले तरच तो हे रूप घेतो. पोकेडेक्स सांगतो, हातातली पात सुकली की तो लढाईतून निवृत्त होतो.

सोर्ड आणि शील्डमध्ये आपल्यासाठीही एक गोष्ट आहे. हे गेम घडतात गलार प्रदेशात, जो ब्रिटनवर बेतलेला आहे. तिथे कॉपराजा नावाचा तांब्याचा हत्ती आहे. नावात राजा, अंग हिरवं. पोकेडेक्स म्हणतो की हे प्राचीन काळी दुसऱ्या प्रदेशातून आले आणि माणसांसोबत काम करू लागले. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेला, कष्ट करणारा हत्ती, आणि त्याचं नाव राजा. कोणता प्रदेश ते गेम सांगत नाही. हिरवा का, हे मात्र ज्यांच्या घरात तांब्याचा बंब कळकलेला पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

पाठीवरची भेग

आता जरा अंगावर येणारी गोष्ट. २००२ च्या रुबी-सफायरमध्ये निनकाडा नावाचा किडा आहे. तो विसाव्या लेव्हलला निन्जास्क होतो. त्या वेळी तुमच्या टीममध्ये एक जागा रिकामी असेल, तर तिथे गुपचूप आणखी एक पोकेमॉन येऊन बसतो, शेडिंजा. गेम काही बोलत नाही. ही निनकाडाची कात आहे. सिकाडा हा कीटक जमिनीखालून वर येतो, झाडावर कात टाकतो आणि उडून जातो. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत फिरताना झाडाच्या खोडाला चिकटलेली ती पोकळ कात अनेकांनी पाहिली असेल. शेडिंजाचा एचपी कायम १. पोकेडेक्स म्हणतो की त्याच्या पाठीच्या भेगेतून आत डोकावणाऱ्याचा आत्मा तो ओढून घेतो.

आता आठवा, या गेममध्ये लढताना तुमचा पोकेमॉन तुम्हाला कुठून दिसतो? पाठीमागून. शेडिंजा मैदानात उतरवला की पूर्ण लढाईभर ती भेग तुमच्याकडे तोंड करून असते.

याच गेममध्ये समुद्राच्या तळाशी एका बंद खोलीत ठिपक्यांची भाषा कोरलेली आहे. ती बनावट लिपी नाही, खरीखुरी ब्रेल आहे. वाचली तर कळतं की टीममध्ये रेलिकँथ आणि वेलॉर्ड ठराविक क्रमाने हवेत, मग तीन पोकेमॉनची दारं उघडतात. एमराल्डमध्ये तो क्रमही उलटा केला. रेलिकँथ बेतलेला आहे सीलाकँथ या माशावर, जो कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाला असं समजलं जायचं आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेजवळ जिवंत सापडला. विसरलेलं दार उघडायला त्यालाच बोलावलंय. गेमच्या डब्यातल्या पुस्तिकेत ब्रेलचा तक्ता यायचा. आपल्याकडे ना डबा होता, ना पुस्तिका. आमच्या गल्लीत ते दार कुणालाच उघडलं नाही.

नाव बदलता येत नाही

शेवटची गोष्ट अगदी साधी. प्रत्येक पोकेमॉनसोबत तो ज्याने पकडला त्याचं नाव आणि एक क्रमांक जोडलेला असतो. पोकेमॉन कितीही हातांतून गेला तरी ते नाव बदलत नाही. जुन्या गेममध्ये तर दुसऱ्याकडून आलेल्या पोकेमॉनचं टोपणनावही बदलता येत नाही, नेम रेटर सरळ नकार देतो. २००२ च्या रुबीत पकडलेला पोकेमॉन एका गेममधून दुसऱ्यात करत आजच्या पोकेमॉन होमपर्यंत आणता येतो. मधला एक टप्पा निन्टेन्डो ३डीएसवरच्या पोकेमॉन बँकेतून जातो, आणि ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. ज्यांनी बँक आधी उतरवून ठेवली नाही, त्यांचा रस्ता तिथेच संपला.

म्हणून जुन्या कॅसेट विकत घेणारे चाहते एक पथ्य पाळतात. सोल्डरिंग गन गरम करून बॅटरी बदलण्याआधी ते गेम सुरू करून पाहतात, कारण बॅटरी काढली की आतलं सगळं जातं. आत कुणाचा तरी अर्धवट सोडलेला प्रवास असतो. सहा पोकेमॉन, त्यांना ठेवलेली वेडीवाकडी नावं, आणि त्या अनोळखी पोराचं किंवा पोरीचं स्वतःचं नाव. आता यंत्र जोडून ती फाइल आधी बाहेर काढून ठेवता येते. बरेच जण ती काढतात, नवी बॅटरी लावतात आणि तीच फाइल परत आत भरतात.

दादाची एमराल्डची फाइल मला मागच्या दिवाळीत एका जुन्या पेन ड्राइव्हमध्ये सापडली. घड्याळाचं सेटिंग चालू करून उघडली. त्याच्या मडकिपचं नाव त्याने ‘चिखल्या’ ठेवलं होतं. स्क्रीनशॉट पाठवला, तर त्याचा उलट मेसेज आला, ‘बेरीला पाणी घाल.’