खाऱ्या हवेत टिकणारी धार

सीन असा आहे. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडून मांडव्याला उतरता आणि नागाव गाठता. सॅकमध्ये टेंट, पॉवर बँक आणि नुकताच ऑनलाइन मागवलेला फोल्डिंग चाकू. रीलमध्ये त्याने टोमॅटोच्या आरपार दिसणाऱ्या चकत्या पाडलेल्या असतात. रात्री तुम्ही त्याने कांदे चिरता, बांगडे साफ करता, पातं टी-शर्टला पुसता आणि चाकू मिटून खिशात टाकता. सकाळी उघडून बघता, तर पात्यावर तपकिरी ठिपके. ‘अरे, स्टेनलेस म्हणून घेतला होता ना?’

तेवढ्यात वाडीतले काका शहाळी उतरवून येतात. कमरेला आकडी, आकडीत कोयता. कोयता काळपट आणि जुनाट, पण धारेची रेघ तेवढी चकचकीत. तीन घावांत शहाळं उघडतं. रोज जवळ बाळगायचा चाकू, ज्याला आता सगळे ‘ईडीसी’ म्हणतात, तो अष्टागरात पिढ्यान्‌पिढ्या असाच कमरेला लटकतो आहे.

मग काकांचा कोयता चांगला आणि तुमचा चाकू वाईट? तसं नाही. दोघांचं पोलाद वेगळं, काम वेगळं आणि मुख्य म्हणजे निगा वेगळी.

स्टेनलेस म्हणजे गंजत नाही?

गंजतं, उशिरा गंजतं. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा तयार होतो. तो ओरखडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा भरून येतो. पण मिठातले क्लोराइड या पापुद्र्याला ठिकठिकाणी भोकं पाडतात. म्हणून किनाऱ्यावर गंज पसरट न दिसता आधी ठिपक्यांसारखा दिसतो. पुण्यात वर्षभर चकाचक राहिलेला चाकू रेवदंड्यात दोन रात्रींत रंग दाखवतो, तो यामुळेच.

आता खरी गोची. चाकूच्या पोलादाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात : धार टिकवणारा कडकपणा, फटका सोसणारा चिवटपणा आणि गंजाला दाद न देणं. तिन्ही भरभरून एकाच पात्यात मिळत नाहीत. एक वाढवलं की दुसरं कुठेतरी कमी होतं. त्यामुळे ‘सगळ्यात भारी स्टील कोणतं?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘माझ्या कामाला आणि माझ्या हवेला कोणतं?’ हा बरोबर.

कोणतं पोलाद कुणासाठी?

*कार्बन स्टील :* गावचा लोहार बऱ्याचदा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून कोयता घडवतो. यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, क्रोमियम नावापुरतं. लोहार पातं लाल तापवून धारेला ‘पाणी देतो’. त्याने धार कडक होते, पाठ मात्र मऊ राहते. म्हणून नारळावर घाव घातला तरी कोयता तुटत नाही. साध्या दगडावर पटकन धार लागते. तोटा एकच, ओला ठेवला की गंजलाच. पण रोज वापरलेल्या, रोज पुसलेल्या पात्यावर काळसर-निळसर थर चढतो. तो लाल गंज नव्हे. उलट लाल गंजाला तो थोडीफार आडकाठी करतो. कैरी किंवा सुपारी कापल्यावर आजीची विळी काळी पडते, तेही आंबटपणा आणि टॅनिन यांची लोखंडाशी जुगलबंदी असते. खराबी नव्हे.

*डी-टू :* ऑनलाइन स्वस्त फोल्डिंग चाकूंमध्ये हे नाव खूप दिसतं. कार्बन सुमारे दीड टक्का, क्रोमियम सुमारे बारा. आकडा बघून स्टेनलेस वाटतं. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडून कठीण कणांत, म्हणजे कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. पापुद्र्यासाठी उरतं थोडं. धार मस्त टिकते, खाऱ्या हवेत मात्र लक्ष ठेवावं लागतं. नागावच्या त्या सकाळचे ठिपके बहुधा याच हिशेबातले.

*१२सी२७ आणि १४सी२८एन :* ही मूळ स्वीडनमधली स्टेनलेस पोलादं. कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा-चौदा टक्के. दुसऱ्यात थोडा नायट्रोजनही असतो, त्यामुळे गंजरोधकपणा आणखी वाढतो. धार डी-टूइतकी लांब टिकत नाही, पण पाच मिनिटांत परत लावता येते. अलिबाग-मुरुडच्या वीकेंडला आणि घरच्या स्वयंपाकघरालाही हा मधला रस्ता सगळ्यात शहाणपणाचा.

*एच-वन आणि एलसी२००एन :* यांत कार्बन कमी ठेवून नायट्रोजन वापरलेला असतो. समुद्राच्या पाण्यातही ही जवळपास गंजत नाहीत. बोटीवर, स्कूबा डायव्हिंगला उत्तम. किंमत मात्र खिसा कापणारी.

*एस३०व्हीसारखी पावडर स्टील :* यांतले व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या धार लावायच्या दगडापेक्षाही कठीण असतात. धार आठवडेच्या आठवडे टिकते, पण गेली की डायमंडची पट्टी लागते. ती जवळ नसेल तर महागडा चाकू बोथट होऊन खिशात बसतो.

धार लावायला शिका

पोलाद निवडण्यावर आपण रात्र जागवतो आणि धार लावायला कंटाळतो. खरं तर बोथट झालेल्या महाग चाकूपेक्षा नीट पाजवलेली दीडशे रुपयांची सुरी चांगलं कापते. शिवाय बोथट पातं जास्त धोक्याचं. जोर लावावा लागतो, पातं घसरतं आणि बोटात शिरतं.

सुरुवातीला एकच दोन्ही बाजूंचा दगड पुरे, एका बाजूला ४०० ग्रिट आणि दुसऱ्या बाजूला १०००. आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक.

कोन कसा पकडायचा? चौरस कागद घ्या. त्याचा एक काटकोनी कोपरा अर्धा दुमडा, झाला ४५ अंश. पुन्हा अर्धा दुमडा, झाला साडेबावीस. त्याच्याहून किंचित खाली, म्हणजे २० अंशांवर रोजचा चाकू धरा. कोयत्याला २५ किंवा थोडा जास्त, कारण त्याला घाव घालायचे आहेत.

धारेवर मार्करने रेघ ओढा आणि दगडावर दोन हात फिरवा. शाई धारेच्या अगदी टोकापर्यंत निघाली तर कोन बरोबर. फक्त वरची निघाली तर पाठ थोडी उचला. दगड ओला ठेवा. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराला बारीक खरखर जाणवते, अर्थात बोट धारेवरून बाहेरच्या दिशेने फिरवायचं, धारेच्या रेषेत नाही. खरखर पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून. मग चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून आठ-दहा वेळा ओढा.

दगड नाही? चिनी मातीचा मग उलटा करा. बुडाचं न चमकणारं खरखरीत कडं मोडती धार सावरायला चालतं. आणि यंत्राच्या चाकावर धार लावून घेणार असाल तर नजर ठेवा. धारेचा रंग निळा झाला म्हणजे पोलाद जास्त तापलं, त्या जागचं ‘पाणी’ उतरलं. मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगा.

किनाऱ्यावरून परतल्यावर चाकू गोड्या पाण्याने धुवा, बिजागरीसकट कोरडा करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. चामडी म्यानात घालून महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

खिशात टाकण्याआधी

कायदाही माहीत हवा. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती अशा कामांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर छोटा चाकू बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. म्हणून जत्रा, मिरवणूक, सभा अशा ठिकाणी तो घरीच बरा. प्रवासात सॅकच्या तळाशी, विमानाच्या केबिन बॅगेत अजिबात नको. कोयता हातात घेऊन रील करायची हौस तर सोडूनच द्या. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनी त्या बिचाऱ्या अवजाराची आधीच पुरेशी बदनामी केली आहे.

धार कशासाठी?

हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कधी ती मच्छीमारांच्या जाळ्यात गुरफटतात. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं, त्यामुळे मिनिटं मोजकी असतात. जाळं कापलं तर कासव सुटतं, पण पोटापाण्याचं साधन फाटतं. म्हणूनच संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून आहे. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवतात.

त्या क्षणी पोलादाचं नाव कुणी विचारत नाही. ओला नायलॉन कापला जातो की नाही, एवढंच. यातही एक गंमत आहे. दोरी आणि जाळ्यासाठी आरशासारखी गुळगुळीत धार नको. ४०० च्या दगडावर थांबलेली, सूक्ष्म दाते असलेली धार नायलॉनला जास्त चावते. हे ज्ञान कुठल्याही बॉक्सवर छापलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी नागावला गेलात की नवा चाकू दाखवायच्या आधी त्या काकांना विचारा, ‘काका, कोयता कसा पाजवता?’ शहाळ्याचे पैसे वेगळे द्या. शिकवणी बहुतेक फुकट मिळेल.