ब्राउझरांतील रंगविलेले पडदे

हल्लीं पुष्कळ मुलेंमुली वेब पानें रचण्यास शिकत आहेत. पानावर चित्र सरकतें, यादी अलगद उघडते, नकाशा बोटाबरोबर फिरतो, हें पाहून त्यांस मोठें कौतुक वाटतें. परंतु ही हालचाल कोण घडवितो व तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार फारसा होत नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत रचिलेलें पहिलें संकेतस्थळ १९९१ सालीं जगास खुलें झालें. त्यांत मजकूर व दुवे एवढेंच होतें. असें पान एकदां काढलें कीं काम संपे. हालतें चित्र मात्र क्षणोक्षणीं नवें काढावें लागतें. १९२० रुंद व १०८० उंच अशा पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. हालचाल सफाईदार दिसावी म्हणून सेकंदास साठ वेळां चित्र पालटतात. म्हणजे एका सेकंदांत १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशेब झाला!

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा विद्वान शास्त्र्यासारखा आहे. तो कठीण उदाहरणें सोडवितो, पण एकामागून एक. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, हा भरलेल्या वर्गासारखा आहे. प्रत्येक मुलानें आपला एक चौकोन रंगवावा, कीं क्षणांत सारा कागद रंगून जातो. एनव्हिडिया कंपनीनें १९९९ सालीं ‘जीफोर्स २५६’ हें यंत्र काढून जीपीयू हें नांव रूढ केलें. त्याचा उपयोग प्रथम मुख्यत्वें खेळांसाठीं होई. पुढें मार्च २०११ मध्यें इंटरनेट एक्सप्लोरर ९ व फायरफॉक्स ४ हे ब्राउझर निघाले व त्यांनीं पान काढण्याचें पुष्कळसें काम जीपीयूकडे सोंपविलें. त्याच महिन्यांत वेबजीएल या पद्धतीचे नियम प्रसिद्ध होऊन पानांत घन आकृति दाखविण्याची सोय झाली. पूर्वी अशा गोष्टींस बहुधा फ्लॅश नांवाची निराळी जोड लागे. ती २०२० च्या अखेरीस बंद पडली.

यामुळें पानें रचण्याची रीतच पालटली. आमच्या संगीत नाटकांतील पडदे आठवा. चित्रकार राजवाड्याचा पडदा एकदांच रंगवी. मग दोरी ओढली कीं तो वर जाई, सोडली कीं खालीं येई. ब्राउझरही पानाचे असे थर पाडतो व रंगविलेला थर जीपीयूच्या हवालीं करितो. थर सरकविणें, फिरविणें, फिकट करणें हें दोरी ओढण्यासारखें स्वस्त काम होय. परंतु एखाद्या चौकटीची रुंदी पालटली, तर शेजारच्या मजकुराच्या जागा पुन्हां मोजाव्या लागतात व पडदा नव्यानें रंगवावा लागतो. म्हणून जाणते रचनाकार हालचालीसाठीं स्वस्त मार्गच पत्करतात.

तथापि पडदे ठेवण्यास जागा लागते. वर सांगितलेल्या मापाच्या एका थरास, दर ठिपक्यास चार बाइट याप्रमाणें, सुमारें ८३ लाख बाइट स्मृति खर्ची पडते. असे तीस थर केले तर जवळजवळ २५ कोटी. रचनाकाराच्या मेजावरील बलवान यंत्रास त्याचें कांहींच वाटत नाहीं. पण स्वस्त फोन अडखळतो, तापतो व त्याची बॅटरी लौकर उतरते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा गरीब विद्यार्थी किंवा दवाखान्याची वेळ शोधणारी माता यांच्या हातीं बहुधा तोच फोन असतो. शोभेसाठीं केलेली हालचाल त्यांच्या कामाआड आली, तर ती शोभा कसली? शिवाय कित्येकांस हालत्या पडद्यानें घेरी येते. अशांसाठीं फोनमध्यें हालचाल कमी करण्याची सोय असते. ती निवडलेली आहे कीं नाहीं, हें पानास समजूं शकतें. तिचा मान राखणें हें रचनाकाराचें कर्तव्य आहे.

म्हणून पानें रचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें आहे, कीं पान तयार झालें म्हणजे तें घरांतील सर्वांत जुन्या फोनवर उघडून पाहावें व तो फोन घरांतील वडील माणसाच्या हातीं द्यावा. त्यांस हवी ती माहिती विनासायास सांपडली, तर पान साधलें असें समजावें.