चैनीचा हिशेब

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याची यादी तयार होऊ लागली की मध्यमवर्गीय घरात एक लहानसा वाद बहुधा ठरलेला असतो. रोजच्या भातासाठी कोलम आहेच; मग रविवारपुरता दोन किलो आंबेमोहोर कशाला? 'पोट तर दोहोंनीही भरते' हा युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि यादीतील ती ओळ खोडली जाते. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटपाच्या दुकानातील मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीला हा युक्तिवाद अनुभवाने शिकविला आहे. म्हणून त्याची थट्टा करणे योग्य नव्हे. परंतु तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्यास हरकत नसावी.

काटकसरीचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या अ‍ॅडम स्मिथनेच १७७६ मध्ये या प्रश्नाला हात घातला होता. तागाच्या सदऱ्यावाचून प्राचीन ग्रीक व रोमन लोकांचे काही अडले नव्हते. तथापि आपल्या काळात रोजंदारीवरील अब्रूदार मजुरालाही तसा सदरा नसेल तर चारचौघांत जाण्याची लाज वाटेल, आणि म्हणून तो सदरा ही गरजच होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. गरज आणि चैन यांतील सीमारेषा वस्तूच्या अंगी नसते, ती काळाबरोबर सरकते, हा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडेही ती सरकली आहे. प्रा. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारिद्र्याची रेषा दरडोई रोजच्या २,२५० उष्मांकांच्या आधारे आखली. पुढे २००९ मध्ये तेंडुलकर समितीने केवळ उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चही विचारात घेतला. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या उपभोगखर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५९ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे ४७ टक्क्यांवर आला. शहरांत तो ४८ वरून सुमारे ४० टक्क्यांवर उतरला. पाहणीच्या पद्धतीत मध्यंतरी बदल झाले असले, तरी दिशा स्पष्ट आहे. माणूस केवळ पोट भरण्यासाठी खर्च करीत नाही.

मग जास्तीचा पैसा कोठे सार्थकी लागतो? सीमान्त उपयोगितेचा नियम येथे उपयोगी पडतो. जी वस्तू रोज अंगाला लागते, तिच्यावरील पहिल्या काही जादा रुपयांचे समाधान सर्वांत मोठे असते. सहा महिन्यांत झिजणारी ३०० रुपयांची चप्पल दिवसाला सुमारे १ रुपया ६५ पैशांना पडते, तर दोन वर्षे टिकणारी ९०० रुपयांची चप्पल सव्वा रुपयाला. ज्याच्या हाती एकरकमी ९०० रुपये नाहीत त्याला स्वस्त वस्तूच महाग पडते, हे गरिबीचे एक दुर्दैव आहे. दिवसभर फळ्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षकाची चप्पल, रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवा, पाठ दुखणाऱ्या कारकुनाची गादी यांवरील जादा खर्चाला उधळपट्टी म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

परंतु प्रत्येक चैनीला टिकाऊपणाच्या हिशेबात बसवणे हीदेखील एक फसवणूकच आहे. संध्याकाळी माळलेला मोगऱ्याचा गजरा सकाळी कोमेजतो. त्यातून काहीही वाचत नाही. आनंद मात्र मिळतो, आणि तेवढे पुरेसे आहे. खेदाची गोष्ट अशी की महागाई वाढली की घरात सर्वप्रथम बंद होतो तो हा गजरा. पुरुषाचा कचेरीजवळचा चहा व तंबाखू सहसा वहीत लिहिलेच जात नाहीत. गृहिणीचा गजरा मात्र 'चैन' या सदरात ठळकपणे उठून दिसतो. चैन कोणती हे कोण ठरवितो, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच घरातील न्यायाचाही आहे.

याचा अर्थ वाटेल तो खर्च क्षम्य आहे असा नव्हे. शेजाऱ्याने घेतला म्हणून हप्त्यावर घेतलेला भारी मोबाइल मालकाच्या आनंदापेक्षा पाहणाऱ्याच्या नजरेसाठी असतो. त्याची नवलाई पहिल्या महिन्यातच ओसरते. हप्ते मात्र वर्षभर फेडावे लागतात. ऋण काढून सण करू नये, हे जुने शहाणपण येथे आजही लागू पडते.

तेव्हा यादी करताना एक साधी रीत पाळता येईल. धान्य, भाडे, शुल्क आणि बचत बाजूला काढल्यावर घरातील प्रत्येक माणसासाठी थोडी का होईना, पण रोख रक्कम ठेवावी आणि तिचा जाब कोणी कोणाला विचारू नये. त्यातून कोणी आंबेमोहोर आणील, कोणी पुस्तक घेईल, कोणी गजरा. रक्कम पन्नास रुपयांची असली तरी चालेल. मात्र गृहिणीचा वाटा त्यात इतरांइतकाच असावा.