राखणीतली गोळी

ऑपरेशननंतरची कळ वेळापत्रक पाहून येत नाही, आणि बेल वाजवून सिस्टर येईपर्यंत ती थांबतही नाही. मग औषध रुग्णाच्याच हाती का देऊ नये? 2015 साली युरोपात मान्यता मिळालेलं ‘झाल्विसो’ हे उपकरण याच विचारातून आलं. आत चाळीस गोळ्यांची नळी, एकेक गोळी जेमतेम तीन मिलिमीटरची. उपकरणाचं टोक जिभेखाली धरून बटण दाबलं की एकच गोळी पडायची.

औषध मात्र सुफेंटानिल, म्हणजे अफूच्या गोतातलं आणि फेंटानिलपेक्षाही जहाल. एका गोळीत फक्त 15 मायक्रोग्रॅम. जिभेखालच्या पातळ त्वचेतून ते थेट रक्तात उतरतं. गोळी गिळली, तर यकृतच बहुतेक औषध निकामी करतं. म्हणून डोसनंतर दहा मिनिटं खाणंपिणं बंद, बोलणंही कमीच. (भेटायला आलेल्या नातेवाइकांना हे कोण समजावणार!)

खरी करामत राखणीत होती. रुग्णाच्या अंगठ्याला इलेक्ट्रॉनिक चकती चिकटवायचे. ती ओळखल्याखेरीज यंत्र गोळी सोडायचं नाही. एकदा दिली की वीस मिनिटं कुलूप, बटण कितीही दाबा. यंत्र पलंगाला बांधलेलं असायचं आणि 72 तासांनंतर काढून घ्यायचे. तरीही एक काम यंत्रावर सोडता यायचं नाही: श्वास मंदावतोय का, हे पाहायला माणूसच लागायचा. झोपलेल्या रुग्णासाठी बटण प्रेमापोटीही दुसऱ्या कुणी दाबायचं नाही, ते त्यासाठीच.