मुकी झालेली तबकडी

ग्वाल्हेर हे गाण्याचे गाव. येथील माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली निघाले. त्याच्याही कितीतरी आधीपासून लष्कर भागातील मराठी घरांतून तंबोरे जुळत आले आहेत. अशाच एका घरातून गेल्या मे महिन्यात मला भल्या सकाळी बोलावणे आले. तेथल्या काकूंचे यजमान गाण्याचे शिक्षक होते. त्यांना जाऊन काही वर्षे झाली. त्यांनी शिष्यांना दिलेली तालीम कॅसेटींवर मुद्रित केलेली होती. कॅसेटींना बुरशी येऊ लागली, तेव्हा मुलाने ते सारे गाणे संगणकावर उतरवून घेतले आणि कॅसेटी टाकून दिल्या. आदल्या रात्री वीज गेली, झटक्याने परत आली, आणि संगणक जो बंद पडला तो उठेचना. काकू एवढेच म्हणाल्या, "सर, यंत्र गेलं तर जाऊ दे, पण यांचा आवाज त्यात आहे हो."

श्रोतेहो, असा प्रसंग आज घरोघर येतो. म्हणून बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून माहिती परत कशी मिळवावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा वेळी काय करू नये, हे आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. आपल्यापैकी अनेकांनी ग्रामोफोन पाहिला असेल. हार्ड डिस्कमध्येही तबकड्या असतात. त्या धातूच्या वा काचेच्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, अशा वेगाने त्या फिरतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे मात्र वाचणारे टोक तबकडीला स्पर्श न करता तिच्यावर तरंगत असते. दोहोंमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे धुळीचा एक कणही तेथे डोंगराएवढा ठरतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली यंत्रणा आणली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५ मेगाबाइट माहिती मावत असे. आज एक गाणे तेवढी जागा घेते.

संगणक सुरू होत नाही, याचा अर्थ डिस्क गेली असा मुळीच नव्हे. बिघाड तीन ठिकाणी असू शकतो.

पहिला बिघाड संगणकाचा. वीज पुरवणारा भाग जळतो, डिस्क मात्र शाबूत राहते. अशा वेळी ती काढून जोडणीच्या तारेने दुसऱ्या संगणकाला लावावी. लॅपटॉपची छोटी डिस्क त्या तारेतून येणाऱ्या विजेवर चालते. टेबलावरच्या संगणकातील मोठ्या डिस्कला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो.

दुसरा बिघाड अनुक्रमणिकेचा. ग्रंथाची अनुक्रमणिका फाटली तरी प्रकरणे जागच्या जागी असतात. तसेच येथे घडते. संगणक विचारतो, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाची का?" या प्रश्नाला 'नाही' म्हणावे. डिस्कवर काही नवे लिहू नये, दुरुस्तीची आज्ञाही लगेच देऊ नये. आधी दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर तिची कणाकणाने नक्कल उतरवावी. 'डीडीरेस्क्यू' नावाची विनामूल्य प्रणाली हे काम करते. ती सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळते. मग 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' यांसारख्या प्रणालींनी शोध घ्यावा, पण तो नकलेवर. मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यावी.

तिसरा बिघाड खुद्द डिस्कच्या शरीराचा. तिच्यातून टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला, तर वाचणारे टोक जायबंदी झाले आहे असे समजून तत्काळ वीज बंद करावी. हे मी स्वानुभवाने सांगतो. माझ्या वडिलांची छायाचित्रे ज्या डिस्कवर होती, ती एका नाताळच्या सुट्टीत असाच आवाज करू लागली. मी विज्ञानाचा शिक्षक. तरीही "आणखी एकदा पाहू" म्हणत तिला दहा-बारा वेळा सुरू केले. प्रत्येक वेळी ते टोक तबकडीचा लेप खरवडत होते. पुढे जाणकाराने ती उघडली, तेव्हा तबकडीवर गोल चरे दिसले. छायाचित्रे डिस्कने गमावली नव्हती. ती माझ्या उतावळेपणाने गेली.

अशी डिस्क घरी उघडू नये. हे काम धूळमुक्त खोलीतच व्हावे लागते. ती शीतपेटीत ठेवण्याचा उपायही करू नये, कारण बाहेर काढताच तबकडीवर दव धरते.

डिस्कला कोणी न छळता जाणत्या हाती दिले, तर काय साधते, याचे उदाहरण पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर भंगले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत एक हार्ड डिस्क सापडली. तिचे आवरण होरपळले होते, आत माती शिरली होती. तज्ज्ञांनी तबकड्या काढून स्वच्छ केल्या, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या, आणि सुमारे ९९ टक्के माहिती हाती आली. झेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

नव्या एसएसडीला फिरणाऱ्या तबकड्या नसतात. तिच्यावरून पुसलेली माहिती संगणक बहुधा लगोलग कायमची साफ करतो, म्हणून तेथे परतीची आशा थोडी. शिवाय अनेक नवे संगणक माहिती कुलूपबंद ठेवतात. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे आकड्यांची ओळ, कागदावर लिहून जपावी.

काकूंच्या घरी बिघाड पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा निघाला. नक्कल उतरावयास रात्रभर लागली. दोन मुद्रणे हाती आली नाहीत. बाकी सारी आली. काकूंनी त्यांतले एक लावावयास सांगितले आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

त्याच दिवशी आम्ही तीन प्रती केल्या: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक पुण्याला मुलाकडे. एका घराला आग लागली, तरी दुसऱ्या गावची प्रत वाचते. श्रोतेहो, ज्याची एकच प्रत आहे, ते आपण जपले आहे असे समजू नका. आज संध्याकाळी दुसरी प्रत करा. आणि डिस्क बंद पडलीच, तर प्रथम हात आवरा.