खैरात वाटायला पदवी कशाला?

धाकटी भाची परवा म्हणाली, ‘मामू, मला एमएसडब्ल्यू करायचंय.’ घरात सगळे हसले. खैरात वाटायला पदवी कशाला! हसलो मीही, हे श्रोत्यांपुढे कबूल करतो.

समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईत, नागपाड्यात निघाली. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. पदवीनंतरचा हा अभ्यास दोन वर्षांचा. त्यातला बराच वेळ वर्गाबाहेर, वस्तीत नाहीतर इस्पितळात जातो. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला लगेच सल्ला द्यायचा नाही. आधी ऐकायचं, नोंद ठेवायची, निर्णय तिचा तिला घेऊ द्यायचा. हे शिकावंच लागतं. आम्हा कवींना तर ऐकणं मुळीच जमत नाही.

पगार बहुधा बेताचा. संस्थेचा प्रकल्प संपला की अनेकदा नोकरीही संपते. भाचीला हे सांगितलं.

‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘अर्जाची फी तेवढी भरा.’